त्रेसष्ट मायक्रॉनची चाळण

उम्म अल कुवैनच्या मागे, सबख्यात,
जिथून समुद्र दिसतही नाही,
आम्ही पाइप ठोकतो: मी, नेपाळचा टेकबहादूर,
आणि छत्रीखाली आकडे लिहिणाऱ्या डॉक्टर शम्सा.
दोन मीटर चाळीस.
पाइप उभा चिरला की आत
फणसपोळीसारखा थरावर थर.
वर मिठाचा पापुद्रा, मग राखाडी,
मध्ये वीतभर काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
"इथे तिवरं होती," बाई म्हणतात.
समोर पेट्रोल पंप.

लॅबमध्ये माझं काम चाळणीचं.
चिखल नळाखाली वाहून जातो,
वर उरतात ती कवचं, रव्याहून बारीक.
एका केसाचा कुंचला ओला करायचा,
एकेकाला उचलून काळ्या पट्टीवर ठेवायचं,
तीनशे होईपर्यंत.
कुणी चकलीसारखा वळलेला,
कुणी तिळासारखा, पण बशीसारखा चकचकीत.
सहा हजार वर्षांपूर्वी मेलेले.
एका खोलीपासून सुरुवात करून
खोलीला खोली जोडत घर वाढवलं,
मजूर न लावता.

पहिले सहा महिने मला सगळे सारखेच दिसायचे.
"परकार, कडा बघ," बाईंनी शिकवलं.
धारदार असेल तर तो इथलाच,
इथंच जगला, इथंच मेला.
झिजलेली असेल तर लाटेनं आणून टाकलेला.
त्याचा रकाना वेगळा.
पाणी किती खारट होतं, किती उथळ,
ते इथल्यांनाच विचारायचं.
वाहून आलेल्यांची साक्ष धरत नाहीत.
मोजायचं मात्र त्यांनाही.

काल खाडीच्या काठचा नमुना आला,
सगळ्यात वरचा थर, बोटाच्या पेराएवढा.
कवचं वाकडी. एकाला दोन तोंडं.
"खारटपणानं होतं असं," बाई म्हणाल्या,
"किंवा आणखी कशानं. इतक्यात लिहू नकोस."
त्यातच एक निळा धागा.
मी माझी बाही बघितली.
टेकबहादूरची आठवून बघितली.

बाई बराच वेळ भिंगावर वाकून होत्या.
"नमुन्यातला, की तुझ्या अंगावरचा?"
खरं सांगतो, मला ठरवता येईना.
टोक झिजलेलं होतं.

रकाने दोनच, म्हणून धागा
वेगळ्या काचेवर ठेवला, झाकण सरकवलं,
आणि माझ्या वहीत मराठीत लिहिलं,
खोली: शून्य ते दोन सेंटिमीटर.
हा शब्द लिहिताना दर वेळी
कॅम्पातली आमची मध्ये येते:
आठ खाटा, एक खिडकी,
दोरीवर वाळत घातलेले आठ निळे कव्हरॉल.