कॅप्शन

सकाळी साडेनऊला मी संशोधन केंद्र होते.
म्हणजे पासवर्ड माझ्याकडे असतो;
केंद्र जे बोलतं ते माझ्या अंगठ्यांनी.

आधी कन्नड, मग इंग्रजी.
मराठी मनात करून बघते, टाकत नाही.
परिपत्रकात रकाने दोनच आहेत.

परवा जांबोटीकडे गेले, जुन्या भाताच्या बियाण्याची गोष्ट लिहायला.
डॉ. हुक्केरी म्हणाले होते:
दीडशे शब्द, एक फोटो, शेवट आशादायक.
सातेरी गावड्यांनी कणगीतून मूठभर भात काढलं,
तळहातावर फुंकर मारली.
नाव विचारलं तर म्हणाले,
"घरात एक म्हणतोय, बाजारात एक,
तुमच्या सायबानं पाटीवर तिसरंच लिवलंय.
उगवतंय ते बघ की."

हे वाक्य मी रात्री दोनदा नेलं पलीकडे.
कन्नडात त्यातला 'की' सांडला.
इंग्रजीत गावडेच सांडले,
'एक स्थानिक शेतकरी' तेवढा पोचला.

एकेचाळीस लाइक. नऊ स्टाफचे.
गेटवरच्या कुत्र्याची जांभई मात्र
अजून चालली आहे, तीन हजारांच्या वर.

संध्याकाळी फोन.
"पेपरात कुठं दिसंना, बाई."
म्हटलं, मोबाइलवर आहे.
"मग कागदावर एक धाड की,
कणगीला चिकटवतो."

प्रिंटचे दहा, लॅमिनेशनचे वीस,
बिल कुठल्या हेडखाली लावू कळेना, लावलं नाही.
प्लास्टिक चढायच्या आत
फोटोखाली बॉलपेननं
फोनवर विचारून घेतलेली तिन्ही नावं लिहिली,
आणि ते वाक्य,
'की'सकट.