आटे

उद्यमनगरात, बाबांच्या लेथच्या वरच्या खोलीत
रविवारी आमचा खेळ बसतो.
खाली बिडाचा वास, वर पाच जण, एक टॅब,
आणि गनमेटलच्या तुकड्यातून बाबांनी कानशीनं घासलेला
वीस तोंडांचा फासा,
जो जरा जास्तच वेळा सातावर बसतो.

या वेळी समोर येणार होती ती कंपनीची नव्हती.
गडहिंग्लजच्या कुणी शैलजा शेंडुरे बाईंनी
बत्तीस पानी पुस्तक काढलंय, पिना मारलेलं.
एकोणिसाव्या पानावर ती राहते : खाणकरीण.
रंकाळा तळं व्हायच्या आधी दगडाची खाण होती म्हणतात,
तिथं तळाशी, पहार आपटत, ती अजून मोजते
देवळाला गेलेले चिरे.
तिला मारता येत नाही.
तिला फक्त एक चिरा परत आणून देता येतो.

आता हे टॅबमध्ये कुठं लिहायचं?

तिथं रकाने आहेत. प्राणशक्ती, चिलखत, वेग.
चिरा असा रकाना नाही.
प्रकार : यादीतून निवडा.
स्रोत : यादीतून निवडा.
यादी कंपनीची, आणि कंपनीला गडहिंग्लज माहीत नाही.

अकलंक मगदूम म्हणाला, फाईल करू, ढकलू आत.
दोन रात्री बसला.
दोनशे बाराव्या ओळीत एक स्वल्पविराम
नको तिथं सापडला. काढला.
तर टॅब विचारतो, ही फाईल कुठल्या आवृत्तीची?
बाईंच्या पुस्तकावर
नुसती किंमत होती, ऐंशी रुपये.

मग तबस्सुमनं केलं ते सगळेच करतात.
कंपनीचं अस्वल घेतलं,
नाव खोडून वर खाणकरीण लिहिलं.
चाललं. दोन रविवार झकास चाललं.
तिसऱ्या रविवारी, ऐन काठावर,
रणधीर मशाल घेऊन वाकलेला, खोलीत चिडीचूप,
टॅब आपला आपण अपडेट झाला
आणि पाण्यातून अस्वल वर आलं.

आम्ही हसलो. दीपा नेजदार तर लोळली.
मला मात्र बाईंचं वाईट वाटलं,
कधी न पाहिलेल्या बाईंचं.

बाबा चहा घेऊन दारात उभे होते.
जन्मभर त्यांनी हेच तर केलं,
दुसऱ्याच्या इंजिनात बसणारे पार्ट.
शिक्का नाही, खोका साधा, गिऱ्हाईक विचारणार
"वरिजनल हाय काय?"
आणि हे म्हणणार, "बसतोय का बघ की आदी."
अस्वलाचं सांगितलं त्यांना.
टॅब हातात घेऊन चष्म्यावरनं बघत राहिले,
जसं सुताभरानं चुकलेल्या जॉबकडं बघतात.
"आटं जुळंनात व्हय," म्हणाले.
"मग पिळू नगंस. पिळलं की दोन्हीकडचं जातंय.
मधी बूश घाल."

या खेळात बूश म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.
चहाचा ट्रे ठेवून गेले.

मी वहीचं पान फाडलं.
टॅबला कळतं ते टॅबकडं राहू दिलं,
रणधीरचं चिलखत, दीपाचे मंत्र, कुणाला किती लागलं.
पानावर एकच ओळ :
चिरा, आणला का नाही.
आणि ते पान कव्हराच्या कडेला खोचलं.
जोड दिसतो. हलतोही थोडा.

रणधीरनं फासा टाकला. सात.
टॅबमधला फासा कुणाचं ऐकत नाही म्हणे. हा ऐकतो,
निदान ज्यानं घासला त्याच्या हाताचं.
सातावर चिरा निसटतो,
पान एकोणीस, खालून तिसरी ओळ.
सगळे एकदम "आयला" म्हणाले आणि मला बरं वाटलं.

रात्री सगळे गेल्यावर टॅब उघडला.
अस्वल तिथंच होतं, काठावर, ओलं,
कुणी बोलावलं आणि का, ते न कळलेलं.
स्रोत : कंपनी.
पुसायला बोट नेलं, आणि तसंच ठेवलं.