रुमाल क्रमांक दोनशे बारा

कोठी कचेरीच्या मागच्या खोलीत
पंखा दोनच्या पुढे नेला तर कागद उडतात,
म्हणून आम्ही घाम गाळत मोडी वाचतो.
आम्ही म्हणजे मी.
सुभेदार होते, ते दिवाळीत निवृत्त झाले,
आता मांजलपूरला नातवाला शुद्धलेखन घालतात.

तोकुनागाबाई मार्चमध्ये आल्या, नागासाकीहून.
दाराशी बूट काढले. इथे कोणी काढत नाही.
दुभाषा म्हणून कॉलेजातला भाविन :
जपानी येतं, गुजराती घरची, मराठी "थोडी थोडी".
त्यांचं वाक्य माझ्यापर्यंत
तीन नद्या उतरून यायचं,
थोडं काठावर सांडून.

त्यांच्या घराण्याकडे कापड मोजायचं काम होतं.
भर घालून केलेलं एक बेट, उघडलेल्या हातपंख्याएवढंच डौलदार,
आणि हिंडायला जवळजवळ तेवढंच.
एक पूल. पुलावर पहारा.
आत मूठभर डच, जांभया देत.
सगळा देश आतून कडी लावून बसलेला
आणि कडीखाली ही एवढी फट.
उन्हाळ्यात जहाज लागलं की
आधी त्याचं सुकाणू काढून घ्यायचे,
मग दारूगोळा,
मग धर्माची पुस्तकं पिंपात घालून वर मोहोर.
मग कापड.

"कुठलं कापड?"
भाविन हसला. "आपलंच, काका."
सुरतेहून बटाव्हिया, बटाव्हियाहून तिकडे.
आणि उलट वाटेनं तांबं,
कांड्यांच्या पेट्याच्या पेट्या, सुरतेच्या बंदरात.
मला एकदम आमचा बंब आठवला,
मंगळबाजारात मोडीत घातलेला.
मोडीत वाचतो ते पोट भरतं,
मोडीत घालतो ते विचारायचं राहून जातं,
कुठून आला होतास बाबा?

बाईंनी एक वही उघडली.
पानोपानी अंगठ्याएवढ्या चिंध्या डकवलेल्या,
शेजारी आकडे, काळ्या शाईत, न थरथरता.
एकीवर त्यांचं बोट थांबलं : मंजिष्ठ लाल, त्यावर बारीक बुटी.
"याला तिकडे सरासा म्हणतात," भाविन म्हणाला,
"कोणी सांगतं, परक्यानं छिप्याला विचारलं, कसं आहे,
तो म्हणाला, सरस छे.
तेच नाव झालं."
खरं-खोटं देव जाणे. सांगताना पोरगा फार खूष होता.

मी मात्र बुटीकडे पाहत होतो,
आणि मग मांडणीकडे.
दोनशे बारा. पेटलाद परगणा, जमाखर्च.
ज्यात कागद बांधलेत तो रुमाल.

आता मी तारीख सांगणार नाही.
ठसा एका घरात सात पिढ्या चालतो,
बुटी जुळली म्हणून काही शाबीत होत नाही,
हे मी त्यांना दोनदा सांगितलं.
त्यांच्याकडे एवढासा तुकडा
रेशमावर, पेटीत, ती पेटी दुसऱ्या पेटीत.
चहाच्या डबीची पिशवी व्हायची त्याची, पाहुण्यांनी वाखाणायची.
इकडे तोच, असेल तर तोच,
कारकुनांच्या बोटांनी काळवंडलेली गाठ,
एका कोपऱ्याला उंदीर,
आत कुणब्यांची देणी.

गाठ सोडून दिली मी.
बाईंनी हात नाही लावला आधी. वास घेतला.
मग वितीनं मोजायला लागल्या,
ओठ हलत होते, आवाज नव्हता,
आणि मी मनात मराठीत मोजत होतो.
एकाच वेळी थांबलो आम्ही.

पुढे चहा झाला. त्यांनी ऐकवलं,
एकदा डचांचा देशच नकाशावरून गेला.
वर्षानुवर्षं जहाज नाही,
बेटावर झेंडा मात्र रोज चढायचा,
कोणाचा ते चढवणारे जाणोत.
मी विचारलं, त्या वर्षांत तुमचे लोक काय मोजत होते?

"कुमो," त्या म्हणाल्या.
भाविन अडखळला.
"ढग, काका. किंवा कोळी.
दोन्हीला तोच शब्द."
"मग कोणता?"
त्यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गेल्यावर रुमाल पुन्हा बांधला.
वर कोपऱ्यात जाळं होतं, ते काढायचं राहिलंय बरेच दिवस.
नोंदवहीत लिहिलं :
उघडला, पाहिला, बांधला.
कारण, हा रकाना
अजून कोरा आहे.