कराकात

येव्स्ताफीने आधी खडूने शेडच्या जमिनीवर आखलं:
चार मोठी वर्तुळं, मध्ये चौकोन,
चौकोनात एक फुली. "इथे मी," म्हणाला,
आणि खडू कानामागे खोचून भंगारात शिरला.

चाकं म्हणजे ट्रकच्या नुसत्या ट्यूबा,
लष्कराचा तळ उठला तेव्हाच्या.
चार ट्यूबांना एक पोतं सुकी नावागा.
भाव माझ्या लक्षात आहे, कारण मासळी मी सुकवली होती.
ट्यूबांवर बंबाच्या फाटक्या नळीचे पट्टे
बाजेच्या नवारीसारखे आडवे-उभे ओवले.
आस मोस्कविचचा, कुणीतरी खांबावर घातलेल्या,
तो भट्टीत तापवून, शिव्या देऊन सरळ केला.
सीट अर्खांगेल्स्कच्या बसमधली.
तिच्या पाठीवर किल्लीने कोरलंय: ल्यूदा, थांब.
थांबली का नाही, देव जाणे.

इथे असल्या यंत्राला कराकात म्हणतात,
समुद्रातल्या माकूलासारखं, बुटकं, फुगीर, सगळे पायच.
गोठलेल्या खाडीवर मासेमारीला जायचं,
आणि बर्फ दुभंगलाच तर बुडायचं नाही,
एवढंच त्याच्याकडून मागणं.

पण इंजिन मिळेना.
दोन हिवाळे ते तसंच फुगून उभं.
कोंबड्या चाकांवर चढून झोपायच्या.

इंजिन कुठे आहे हे तिघांनाही माहीत होतं.
ओंडक्यांखाली बाबांचा पाय गेला, त्यानंतर
सरकारने दिलेली ती डबडा गाडी,
क्लच हाताचा, ब्रेक हाताचा, सगळं हाताचंच.
बाबा गेले त्या शरदापासून ताडपत्रीखाली.
आई दर वसंतात बिजागऱ्यांना तेल घालायची,
आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

मग एका सकाळी
जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी,
बाराचा पाना.
आई पाठमोरी, राईचं पीठ मळत.
येव्स्ताफीने आधी चहा संपवला.
एवढा सावकाश चहा पिताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत ते सुरू झालं.
आधी एक ठसका, मग दुसरा,
मग ती लांबलेली उबळ, पहाटे पाचची,
भिंतीपलीकडून आम्ही वर्षानुवर्षं ऐकलेली.
खिडकीत आईचे हात पिठात थांबले.
मग पुन्हा मळू लागले, जरा जोरात.

किनाऱ्यावर पोलिसाने अडवलं:
कंपनी कुठली? साल? चासी नंबर?
येव्स्ताफी माझ्याकडे बघतो, मी टोपीकडे.
आई मागच्या फळीवर, मांडीत बर्फाचा गिरमिट.
"एकोणिसशे एक्केचाळीस," म्हणाली.
पोलिसाने लिहून घेतलं.
बाबांचं जन्मसाल त्याला कुठून माहीत असणार!

एप्रिलमध्ये एकदा खरंच दुभंगला बर्फ.
कराकात डुचमळलं, कललं, तरंगलं.
येव्स्ताफी घरी आला, कमरेपर्यंत भिजलेला,
आणि उगाचच हसत सुटला.

गाडीचं सांगाडं अजून परसात आहे.
कोंबड्या आता तिथे अंडी घालतात, मागच्या कोपऱ्यात.
परवा शेजारचा पाफ्नूती आला, पोराच्या घसरगाडीला म्हणून
वायपर मागायला. मी दिला.
काल पुढच्या काचेसाठी आला.
आई म्हणाली, बघू.