सहाव्या जागी

अशोक चौकामागच्या दुकानात
नान्ना जकार्डच्या पट्ट्यांना भोकं पाडतात.
भोक असेल तर धागा वर,
नसेल तर खाली.
एवढ्यावर मोर उभा राहतो चादरीत,
दोन हजार पट्ट्यांनंतर.

मी शेजारी स्टुलावर, बारावीचं पुस्तक मांडीत.
सोमवारी तोंडी परीक्षा.
ग्लायसिन, ॲलानिन, सेरिन,
ठक्, ठक्, ठक्.
"किती रंग?" मान वर न करता विचारतात.
वीस.
"वीस? मी चारांत मोर केलाय."

मग सांगते: तीन-तीन अक्षरं वाचत जायची,
दर तिघांमागे एक अमिनो आम्ल माळेत.
सुरुवात मिथिओनिनने,
आणि पुष्कळदा तेच नंतर छाटून टाकतात,
चादरीचं सुटं टोक.
शेवटच्या तिघांमागे काहीच ओवायचं नसतं.
फक्त थांब.
"म्हणजे भोंगा," नान्ना म्हणतात.

अम्मा नगावर चादरींच्या घड्या घालते.
गाठ दिसली की ती आत जाईल अशी घडी.
नुसती लांब माळ कामाची नाही, मी मोठ्यानं वाचते,
पाण्याला भिणारी आम्लं आत दडतात,
तेव्हा कुठे तिचं काही होतं,
केस, नख, रक्ताचा लाल.
"कळलं. आधी जेव."

डब्यात भाकरी, तुरीचं वरण, शेंगाचटणी.
नऊ आम्लं शरीराला करता येत नाहीत,
बाहेरून आणावी लागतात.
ज्वारीत लायसिन तोकडं, ते तुरीत.
अम्माला यातलं एक नाव माहीत नाही,
पण मी कोरडी भाकरी मोडली
की ती तेलुगूत ओरडते.

धड्याच्या शेवटी एक चौकट आहे:
हिमोग्लोबिनची बीटा साखळी, एकशे सेहेचाळीस आम्लं,
सहाव्या जागी ग्लुटामिकऐवजी व्हॅलिन.
आई-बाप दोघांकडून तेच आलं
की पेशी विळ्यासारखी वाकते.

ठक् थांबतं.

मागे एकदा एक भोक चुकलं होतं.
चाळीस चादरी, चाळीस मोर डोळ्यावाचून,
आणि दिवाळीच्या बोनसातून बाराशे गेले.
त्यातली एक अजून आमच्या अंथरुणात आहे,
मी लहानपणी त्या मोराला पेनानं डोळा काढला होता,
धुण्यात गेला.

नान्ना पट्टी उजेडाकडे धरतात,
ट्यूबलाइटचे ठिपके त्यांच्या तोंडावर.
"आणि हे सहाव्या जागचं," ते विचारतात,
"पगार कुणाचा कापला?"

मी चौकट परत वाचते.
मग ग्लायसिनपासून.