काज

बत्तीस वर्षं मी काजं केली.
हायालियाच्या कारखान्यात, खिडकी नसलेल्या तिसऱ्या रांगेत,
शर्टाला सात, बाहीला एकेक.
कारखाना बंद पडला, मग काउंटीच्या ग्रंथालयात
निसटलेल्या पुस्तकांच्या पाठी शिवू लागले.
म्हणून असेल, किंवा त्या आठवड्यात हाताशी कुणी नव्हतं म्हणून,
मला बसवलं मतं मोजायला.
"ओदालिस, तुला भोकं कळतात," साहेब म्हणाले.
सगळे हसले.

भोक आणि काज यांत फरक असतो, साहेब.
काजाला कड लागते, कडेला टाका,
नाहीतर ते नुसतं फाटणं.

इथे पुठ्ठ्याचे पत्ते.
त्यांवर तांदळाच्या कणीएवढ्या टिकल्या.
सुईनं दाबायचं. टिकली पडली की मत पडलं.
आणि नाही पडली तर?
एक कोपऱ्यावर लोंबत राहिलेली,
एक दोन कोपऱ्यांवर, दारासारखी उघडझाप करणारी,
एक नुसताच पोचा आलेली,
आतून कुणी हाक मारली आणि बाहेर ऐकूच गेली नाही, अशी.

अख्ख्या राज्याची साठ लाख मतं,
वरच्या पाइनच्या रानापासून खालच्या खारट बेटांपर्यंत,
आणि फरक केवढा,
तर एका शाळेच्या मैदानात प्रार्थनेला मावतील एवढ्या पोरांचा.
बाकीचा देश दाराशी उभा, घड्याळ बघत.

माझ्या डाव्या हाताला टाय लावलेला प्रुएट,
उजव्या हाताला च्युइंगम चघळणारी मिरियम.
दोन पक्षांचे दोन डोळे, मध्ये दिवा, मध्ये मी.
त्यांनी पत्त्याला हात लावायचा नाही,
मी तोंड उघडायचं नाही.
मोजणाऱ्याला मत नसतं.

दुपारी तीनच्या सुमाराला एक पत्ता आला.
दिव्यासमोर धरला. उजेड आरपार आलाच नाही.
पण बोट फिरवलं तर पोचा.
एक नाही, शेजारी शेजारी तीन,
जणू सुई थरथरत जागा शोधत होती.
माझ्या पोटात काहीतरी हललं.

एवेलियोचा हात दोन वर्षांपासून असाच कापतो.
चौतीस वर्षं या देशात काढून
या नोव्हेंबरात पहिल्यांदा गेला मत द्यायला,
इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी.
बाहेर येऊन म्हणाला, "दाबलं गं, चांगलं दाबलं."
कुणाला, ते मला ठाऊक होतं. मी दुसऱ्याला दिलं होतं.
आमचं घर म्हणजे वजाबाकी:
त्याचं एक, माझं एक, खाली शून्य.

पत्त्यावर नाव नसतं.
असे कापरे हात या काउंटीत हजारांनी असतील.
तरी मी तो धरूनच बसले.
हे मत नाहीच, असं ठरलं
तर आमच्या घरात माझं एकटीचं उरणार होतं.

"काही नाही त्यात," मिरियम म्हणाली.
"आहे की," प्रुएट म्हणाला, "आंधळ्यालाही कळेल."
आणि खरंच, आंधळ्यालाच कळलं असतं.
मी मिरियमकडे पाहिलं, आमच्याच बाजूच्या पोरीकडे,
आणि पत्ता तिच्यापुढे धरला.
म्हटलं, "डोळे मिटून बोट फिरव."
"हात लावायला बंदी आहे," ती म्हणाली.
खरंच होतं ते.

मग तिसऱ्या ढिगात ठेवला, शंकेच्या.
ढीग चांगला वीतभर झाला होता,
तेवढ्यात वरून निरोप आला: थांबवा.
दिवे मालवले. पेट्यांना चिकटपट्ट्या लावल्या.
पोलिसानं सही घेतली.
प्रुएटनं माझ्यासाठी दार धरलं. तो हसत नव्हता.

घरी आले तेव्हा बाहीच्या दुमडीत एक टिकली सापडली.
कुणाची, देव जाणे. फुंकायचं धाडस झालं नाही,
सुयांच्या डबीत टाकली.

एवेलियो आरशासमोर.
"माझं धरलं का?"
"अजून ठरायचंय," मी म्हटलं. ते कधी ठरणार नव्हतं.
तो वरचं बटण लावत होता,
मीच केलेल्या काजाशी,
दाबत होता, घसरत होतं, पुन्हा दाबत होता.
मी हात पुढे केला.
"थांब," म्हणाला. "जाईल आत."