बैल, गाडी, सुकरू

शाळेला शंभर वर्षं होतायत, म्हणून
हेडमास्तर म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं, सर,
यादोजींचं चरित्र तुम्हीच लिहा,
स्मरणिकेत, पहिल्या फोटोखाली. दोन पानी.

यादोजी डोंगरवार, मालगुजार, कौन्सिलचे मेंबर.
सातशे एकर धान, तलाव एक, बोड्या चार.
डगला, उपरणं, चांदीच्या मुठीची काठी,
आणि फोटोच्या कडेला, कोपरापाशी कापला गेलेला
एक हात, छत्री धरलेला.

नातवानं वह्या दिल्या, गाठोडं बांधून.
वाळवीलाही आवडनिवड असते बहुतेक :
सारा खाल्ला तिनं, तगाई खाल्ली,
हे पान ठेवलं —

*बैलजोडी एक, पांढरी, चार दाती.*
*गाडी एक, आख नवा.*
*सुकरू, बायको-पोरं धरून. लग्नाचे बारा रुपये.*
*म्हैस एक, दुभती.*

पुढच्या अखजीला सुकरू पंधरा रुपये.
त्याच्या पुढच्या अखजीला एकोणीस.
म्हैस आटली, तिची किंमत उतरली.

नागपूरला कौन्सिलात यादोजी काय बोलले
ते छापलेलं आहे, मी मागवून वाचलं.
तुमसरच्या स्टेशनापर्यंत सडक हवी.
सरकारी वळू आमच्या तहसिलीला का नाही?
आणि भर सभेत, गोऱ्या साहेबासमोर, न कचरता :
आमच्या मानेवरचं जू आता उतरवा.
पुढे कंसात, टाळ्या.

त्याच आठवड्यात, दिवाणजीच्या सुबक अक्षरात :
*सुकरू पळाला. साकोलीच्या बाजारातून आणला.*
*खर्च रुपया दीड, त्याचेच नावे.*

सुकरू माझ्या आज्याचा बाप.
घरी वाचून दाखवलं. बाबा तंबाखू मळत म्हणाले,
"नाव हाये ना लिवलेलं? मंग वाच ना बाप्पा पुन्ना."
पुन्हा वाचलं.
"साकोलीपावतर गेल्ता?"
आणि कितीतरी वेळ हसत राहिले, ताठ बसून,
"रातीच निंगाला आसंन."

तलाव यादोजींनी खोदवला, हे खरं.
त्याच्या पाटाचं पाणी आमच्या दीड एकर बांधीत येतं,
रोवणा होतो, हेही खरं.
खोदला आणि खोदवला :
सातवीच्या वर्गात मी दर वर्षी शिकवतो
हा मधला व.

चरित्र दिलं. दोन पानी, सडक आणि वळूसकट.
फोटोखाली एक ओळ जास्तीची घातली :
*उजवीकडे, छत्री धरलेले, बहुधा सुकरू.*

हेडमास्तरांनी तिच्यासमोर
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.
खोडलेली नाही अजून.